मजुरीचं सोडा, मालाचं बोला

दसऱ्याच्या सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक फेरी मारा. बॉनेटवर झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, डॅशबोर्डवर पेढा. हार केवढ्याला पडला हे प्रत्येक मालकाला पाठ असतं. आता हळूच विचारा, ऑइल शेवटचं कधी बदललं? मालक आधी आकाशाकडे बघतो, मग बायकोकडे. ‘आपण गणपतीपुळ्याला गेलो होतो ना, त्याच्या आधी की नंतर गं?’ तिला नेमकं आठवतं, कारण त्याच प्रवासात एसी बंद पडला होता आणि तो अजून तसाच आहे.

बहुतेक पेट्रोल गाड्यांना कंपनी सांगते की दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी होईल तेव्हा ऑइल बदला. आपण त्यातलं सोयीचं तेवढंच वाचतो. ‘गाडी फिरतेच कुठे, वर्षात चार हजार झाले,’ हे पुण्यात फार अभिमानाने ऐकवलं जातं. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. घर ते मंडई आणि मंडई ते घर एवढीच धाव असलेल्या गाडीचं इंजिन पुरतं तापतच नाही. आतला दमटपणा आणि न जळालेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि तिथेच मुक्काम ठोकतं. रोज हायवेला पळणाऱ्या गाडीचं ऑइल एक वेळ बरं म्हणायचं.

हे सगळं कंपनीने छापून दिलेलं असतं. ओनर्स मॅन्युअल नावाचं ते पुस्तक शोरूमने ज्या प्लॅस्टिकच्या पाकिटात दिलं त्याच पाकिटात, ग्लव्ह बॉक्समध्ये, आरसीची झेरॉक्स, टोलच्या जुन्या पावत्या आणि कुठल्याशा लग्नातली बडीशेप यांच्याखाली निवांत पडलेलं असतं. गंमत अशी की बऱ्याच गाड्यांत एसीचा केबिन फिल्टर बरोब्बर त्याच ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. पाना लागत नाही, हाताने निघतो. म्हणजे फिल्टर कसा काढायचा हे सांगणारं पुस्तकच फिल्टरच्या वाटेत आडवं पडलेलं. ते बाजूला करा, कप्प्याच्या दोन्ही बाजू आत दाबून खाली सोडा, फिल्टर समोर. त्यातून निघणारा पाचोळा, मुंग्या आणि एखादं वाळलेलं झुरळ पाहिलं की ‘आमच्या गाडीचा एसी एकदम चिल्ड’ असं म्हणत आपण कशातून श्वास घेत होतो ते समजतं.

पण पुस्तक उघडायचं नाही हे ठरलेलंच आहे. मग दुसऱ्यावर विसंबणं आलं, आणि विसंबायला आपल्याकडे दोन ठिकाणं आहेत.

एक काचेचं. तिथे कॉफीचं मशीन, गुबगुबीत सोफा आणि आवाज बंद केलेला टीव्ही. हातात टॅब घेतलेला, इस्त्रीच्या शर्टातला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर येतो. ‘सर, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग ॲड करू ना?’ थ्रॉटल बॉडी हा गाडीचा कुठला अवयव ते आपल्याला ठाऊक नसतं, आणि ठाऊक नाही हे त्याला कळू नये म्हणून आपण मान हलवतो. मान एकदा हलली की बिलात एक ओळ. मग इंजिन डीकार्बनायझिंग, मग अँटी-रस्ट, मग टेफ्लॉन, मग एसीचं निर्जंतुकीकरण. मान हलतच राहते. टायरमध्ये नायट्रोजन भरू का, असंही विचारतात. साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन आधीच असतो हे शाळेत शिकवलं होतं, पण त्या सोफ्यावर बसल्यावर शाळा कुणाला आठवते? शेवटी हातात दोन पानी छापील बिल पडतं. त्यात ‘कन्झ्युमेबल्स’ नावाचीही एक ओळ असते. ती म्हणजे बोटभर ग्रीस आणि पुसायचं फडकं. पण बिल छापील आहे, खाली शिक्का आहे, म्हणजे खरंच असणार. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला. आपलं बिल त्याने किती उतरलं हे जुनं बिल जपून ठेवणाऱ्यालाच कळेल. जुनं बिल ग्लव्ह बॉक्समध्ये गेलेलं असतं, आणि तिथे आपण जात नाही.

दुसरं ठिकाण पत्र्याचं. नाल्याच्या कडेला शेड, वर ‘ऑल टाइप कार रिपेअर’. भिंतीवर ऑइल कंपनीचं कॅलेंडर, त्याच्या शेजारी लाल बल्बातला गणपती, आणि अगरबत्ती खोचायला सस्पेन्शनचा जुना बुश. सोफा नाही, पण मागच्या वर्षी कुठल्याशा व्हॅनमधून काढलेलं सीट आहे. कॉफी नाही, पण चहा न पाजता मिस्त्री सोडत नाही. गाडीची वॉरंटी संपेपर्यंत आपण या माणसाकडे फिरकत नाही. संपली की दुसऱ्या दिवशी त्याला ‘आपला माणूस’ म्हणायला लागतो.

आधी त्याचं चांगलं सांगतो, कारण पुढे त्याचीही खैर नाही.

या माणसाचं भांडवल म्हणजे कान आणि हात. ‘पुढून खट्ट असा आवाज येतो,’ एवढंच तुम्ही सांगता. तो विचारतो, ‘स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढताना येतो, की एकच चाक खड्ड्यात गेलं की येतो?’ प्रश्न साधा वाटतो, पण अर्धं निदान त्यातच उरकतं. एकाच चाकाला येत असेल तर त्याचा पहिला संशय लिंक रॉडवर. मग चाक जॅकवर उचलायचं, वर-खाली धरून हलवायचं. खेळ लागला तर बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट. डावीकडे-उजवीकडे धरून हलवताना लागला तर टाय रॉड एंड. इंजिनातून घरघर येत असेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकेका भागाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. अल्टरनेटरचं बेअरिंग बोलतंय की वॉटर पंपाचं, हे त्याला त्या लोखंडातून ऐकू येतं. टॅबमध्ये यासाठी बटण नाही.

आता वाईट. ‘संध्याकाळी देतो.’ कुठल्या संध्याकाळी, हे विचारायची पद्धत नाही. गाडी सकाळी दिली की दुपारपर्यंत तिचं बॉनेट उघडं असतं, एवढाच पुरावा. फोन केला की, ‘एक पार्ट यायचाय साहेब, नाना पेठेत माणूस गेलाय.’ मुंबईत असाल तर तोच माणूस कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलेला असतो. हा माणूस सतत गेलेला असतो. परत आलेला कुणी पाहिला नाही, तरी पार्ट मात्र येतो, कारण मिस्त्रीने स्वतःच्या स्कूटरवर जाऊन तो आणलेला असतो. बिल मागा. ‘पक्कं पाहिजे का? मग अठरा टक्के वर लागतील.’ इथे करप्रामाणिक नागरिक एकदम नरम पडतो आणि सिगारेटच्या पाकिटावर लिहिलेला हिशेब घडी घालून खिशात ठेवतो.

आणखी एक गोष्ट आपल्याला दिसते आणि आपण ती बघत नाही. गाडीखाली झोपलेला मिस्त्री हात बाहेर काढून ओरडतो, ‘ए, दहा-अकराचा दे रे!’ पाना दहा-अकराचा असतो. कधी कधी तो देणाराही. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच धंद्यात कामाला ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात शाळा सांभाळून मदत, एवढी फट उरली, तीही धोक्याच्या कामांना नाही. घरच्यांच्या व्याख्येत काकाही येतो. म्हणून विचारलं की कळतं, पोरगा मिस्त्रीचा पुतण्या आहे. महाराष्ट्रात पुतण्यांची परंपरा मोठी खरी, पण प्रत्येक गॅरेजात एक, हे जरा जास्तच होतं. आपण त्याच्या हातचा चहा घेतो आणि मुलाच्या ऑनलाइन कोडिंग क्लासची फी भरतो.

आता पैशावर येऊ, कारण खरी गोम तिथे आहे.

गिऱ्हाईक बिल बघतं आणि म्हणतं, ‘मालाचे घ्या हो, त्याला ना नाही. पण मजुरी एवढी? अर्ध्या तासाचं तर काम!’ हे वाक्य महाराष्ट्राच्या प्रत्येक गॅरेजात, प्रत्येक वाराला, प्रत्येक पगारातला माणूस बोलतो. वस्तू हातात दिसते, खोक्यावर एमआरपी दिसते, म्हणून तिचे पैसे देताना दुखत नाही. हात आणि कान खोक्यात येत नाहीत, त्यांच्यावर एमआरपी नसते, म्हणून तिथे घासाघीस. डॉक्टरने छातीला नळी लावून ‘काही नाही, जा’ म्हटलं तर आपण फी मोजतो, वर हात जोडतो. मिस्त्रीने अर्धा तास गाडी फिरवून ‘काही नाही, जा’ म्हटलं की आपण काच वर करून निघून जातो.

मिस्त्री खुळा नाही. त्याने हिशेब बरोबर ओळखला. मजुरी मागितली की कटकट होते, तर मजुरी मागूच नका, ती मालात मिसळा. पार्टच्या दुकानात तसे दोन भाव असतातच, एक मिस्त्रीचा आणि एक मालकाचा. त्या दोहोंच्या मधल्या जागेत त्याचं घर चालतं. पण जो माणूस मालावर जगतो त्याला माल खपवावाच लागतो. मग तुमचे शॉकअप ‘गेलेले’ असतात. क्लच ‘वर आलेला’ असतो. ऑइलची काडी काढून तो बोटावर थेंब चोळतो आणि दुःखाने म्हणतो, ‘साहेब, ऑइलचं पाणी झालंय. बघा, काळंभोर.’ ऑइल काळं होतंच, घाण स्वतःत धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे. डिझेल गाडीत तर नवं ऑइल टाकून काहीशे किलोमीटर झाले की ते काळं दिसायला लागतं. रंगावरून ऑइलचं वय सांगता येत नाही, ते किलोमीटर आणि तारखेवरून कळतं. म्हणजे पुन्हा ते पुस्तक.

कुठलं ऑइल टाकायचं, हाही प्रश्न पुस्तकानेच सोडवलेला असतो. अलीकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० किंवा त्याच्या आसपासचं पातळ ऑइल सांगितलेलं असतं. मिस्त्री म्हणतो, ‘आपल्याकडच्या उन्हात एवढं पातळ चालत नाही, वीस-चाळीस टाकतो.’ उन्हाचं कारण मोठं शास्त्रीय वाटतं. खरं कारण कोपऱ्यात उभं आहे, वीस-चाळीसचं भलंमोठं पिंप. गाडी त्याने लगेच बंद पडत नाही, म्हणूनच तर हे खपतं. पण नव्या इंजिनांतल्या बारीक वाटांमधून आणि ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या भागांमधून तो घट्ट रस फिरवायला इंजिनालाच जोर लावावा लागतो. तो जोर पेट्रोलच्या बिलात निघतो. लहान गाडीत तीन-साडेतीन लिटरच ऑइल मावतं. डबा स्वतः विकत न्या, झाकणाचं सील समोर तोडून घ्या, आणि रिकामा डबा फोडून टाका. शेवटचं विसरू नका. चांगल्या कंपनीचा रिकामा डबा भरायला बाजारात माणसं तयारच असतात.

निघालेलं जुनं ऑइल कुठे जातं, हे एकदा विचारा. २०१६च्या नियमांप्रमाणे तो घातक कचरा आहे, परवाना असलेल्या शुद्धीकरणवाल्याकडेच गेला पाहिजे. आपल्या गल्लीतून तो बहुधा सेंट्रिंगवाल्याकडे जातो. स्लॅबच्या फळ्यांना काँक्रीट चिकटू नये म्हणून लावायला. तुमच्या नव्या फ्लॅटच्या छतात तुमच्या जुन्या गाडीचं ऑइल असण्याची शक्यता अगदीच फेटाळता येत नाही.

आता मजा अशी की ज्यात नफा नाही ते कुणीच बदलत नाही. ब्रेक ऑइल घ्या. लहानशी बाटली, किमतीत फारसं काही नाही, आणि त्याचा खडखडाटही होत नाही. त्यामुळे गिऱ्हाईक मागत नाही, मिस्त्री सुचवत नाही. फार तर ‘टॉपअप’ करतो. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायचं असतं. डॉट-४ दर्जाचं कोरं ब्रेक ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असं मानक आहे. तेच ओलावा पिऊन बसलं की मर्यादा १५५पर्यंत उतरते. आता डोळ्यांपुढे आंबोली किंवा ताम्हिणीचा उतार आणा. पावसाळा, गाडीत सहा माणसं, वर सामान, मागे लागलेली एसटी, आणि मालकाचा पाय सतत ब्रेकवर, कारण खालच्या गिअरमध्ये उतरलं तर पेट्रोल जास्त जातं असं त्याला कुणीतरी सांगितलंय. (जात नाही. उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढून गाडी गिअरमध्ये ठेवली तर आजची इंजिनं पेट्रोलचा पुरवठाच बंद करतात.) ब्रेक तापतात, ऑइल उकळतं, नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, दाब चाकापर्यंत पोचतच नाही. पेडल मऊ होऊन खाली जातं. त्या क्षणी गाडीतले सगळे देवाचं नाव घेतात. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी बाटलीचं नाव घ्यायला हवं होतं.

कूलंटचीही तीच कथा. ते निम्मं-निम्मं, शुद्ध पाण्यात मिसळून घालायचं. आपण घालतो बोअरचं. बोअरच्या पाण्याने घरातल्या गिझरचं काय झालं ते मालकाला पाठ असतं, तरी रेडिएटरला तो तेच पाजतो. आणि ‘हिरवं होतं, हिरवंच टाकलं’ हाही पुरावा नाही. रंग कुणी कुठला घालायचा याचा सगळ्या कंपन्यांना मिळून एक नियम नाही.

वॉरंटीच्या भीतीबद्दल थोडं, कारण काचेच्या इमारतीचा अर्धा धंदा त्या भीतीवर उभा आहे. ‘बाहेर हात लावला तर वॉरंटी जाईल हं!’ २०११च्या जानेवारीत एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की कंपन्या आपले सुटे भाग आणि गाडी तपासायची यंत्रं बाहेरच्या गॅरेजला मिळूच देत नाहीत. तक्रार तीन कंपन्यांविरुद्ध होती, चौकशी पसरत गेली, आणि २५ ऑगस्ट २०१४ला आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. सुट्या भागांवर मूळ किमतीच्या वर शंभर टक्क्यांपासून पाच हजार टक्क्यांपर्यंत चढवलेलं आढळलं होतं. पाच हजार टक्के! आणि आपण मिस्त्रीशी दोनशे रुपयांवरून भांडतो. त्याच आदेशात असंही सांगितलं होतं की केवळ बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं बिघडलं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. २०२२च्या डिसेंबरात, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ नावाचं पोर्टलही काढलं. आपल्या गॅरेजातल्या कॅलेंडरवर त्याचा पत्ता छापलेला मी तरी पाहिला नाही. ‘वॉरंटी जाईल हं’ मात्र कुठेही न छापता सगळ्यांना पाठ आहे.

खरं संकट मिस्त्रीवर वेगळ्याच दिशेने आलंय. जुन्या गाडीला कार्ब्युरेटर होता. चोक ओढा, प्लग घासा, टॅपेट सेट करा, पॉइंट पुसा. सगळं डोळ्यांना दिसायचं, हाताला लागायचं. आता पिवळा दिवा लागतो. इंजिनाचं चित्र, खाली शब्द नाही, आवाज नाही, वास नाही. मिस्त्रीचे कान इथे निकामी. सुरुवातीला त्याने बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली. दिवा गेला. गिऱ्हाईक खूश. दोन दिवसांनी दिवा परत. मग त्याने स्कॅनर घेतला. स्कॅनर कोड देतो, पी०३०० म्हणजे सिलिंडरमध्ये मिसफायर. पण मिसफायर प्लगमुळे, कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे की कुठून हवा शिरतेय म्हणून, हे कोड सांगत नाही. कोड फक्त तक्रार लिहून घेतो, तपास माणसानेच करायचा. जो मिस्त्री तपास करतो तो टिकला. जो कोड वाचतो आणि ‘सेन्सर गेला’ म्हणून सेन्सर विकतो, तो काचेच्या इमारतीतलाच माणूस, फक्त शेड पत्र्याची.

त्यात गेल्या वर्षी त्याला नवा आरोपी सापडला. पूर्वी गाडी ओढत नसेल तर ‘कार्बन बसलाय’ म्हणायचे, आता ‘इथेनॉल आहे साहेब’. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपावर आलं हे खरं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं उतरणार हेही खरं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील या मिश्रणासाठी केलेले नव्हते, ते अधूनमधून तपासायला हवेत, हेही खरं. पण वायपर चालत नाही म्हणून उसाला दोष देणारा मिस्त्री मी स्वतः ऐकलाय. साखर कारखान्यांवर आजवर पुष्कळ आरोप झाले, हा नवीन होता.

तर अशा एका पत्र्याच्या शेडमध्ये परवा एक गृहस्थ आले होते. गाडी चांगली आठ वर्षांची, तक्रार मागून येणाऱ्या खडखडीची. मिस्त्रीने गाडी फिरवून आणली, खड्ड्यातून नेली, मागे पुतण्याला बसवून पुन्हा नेली. परत येऊन डिकी उघडली, चटई उचलली, स्टेपनीशेजारच्या जॅकची सैल झालेली पकड हाताने घट्ट केली. पुन्हा एक फेरी. आवाज बंद. लिंक रॉड, बुश, शॉकअप, सगळं पाहून झालं होतं.

‘काही झालेलं नाही काका, जॅक हलत होता,’ मिस्त्री म्हणाला आणि पाकिटावर लिहिलं : तपासणी, ३००.

‘तपासणीचे कसले पैसे?’ काका म्हणाले. ‘तुम्ही बदललं काय?’

मिस्त्रीने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग तीनशेवर काट मारली, पुतण्याला हाक मारून फळीवरचा एअर फिल्टर मागवला, बॉनेट उघडून मिनिटभरात जुना काढून नवा बसवला, आणि खाली लिहिलं : एअर फिल्टर, ४५०.

काकांनी जुना फिल्टर उन्हात धरून पाहिला. ‘बराच घाण झाला होता की हो!’ मग नव्याचा खोका उलटसुलट करून एमआरपी वाचली, ‘कंपनीचाच आहे ना?’ असं एकदा विचारून घेतलं, आणि एका शब्दाने घासाघीस न करता साडेचारशे स्कॅन केले.